हो तुझो वाटो

जबलपूरच्या आमच्या घरात समुद्र एका चिनी मातीच्या बरणीत राहायचा. स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, तोंडाला दुहेरी फडकं बांधलेली ती बरणी. आत सुके बांगडे, एका पुरचुंडीत गोलमो आणि तळाशी खडे मीठ. रविवारी आई स्टुलावर चढून ती उतरवायची. त्याआधी पुढच्या दोन्ही खिडक्या लावून घ्यायची, कारण आमच्या क्वार्टर्सच्या ओळीत बहुतेक घरं शाकाहारी. पलीकडच्या ओळीतल्या बंगाली काकींना मात्र लावलेल्या खिडक्यांमधूनही वास पोचायचा. वाटी घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या की आई मनापासून हसायची. त्या एका वाटीवर दोघींची तीस वर्षांची मैत्री उभी राहिली.

बाबा गन कॅरेज फॅक्टरीत होते. १९०४ सालचा तो कारखाना. पन्नासच्या दशकात मालवणकडचा एक गाबताचा मुलगा तिथे लेथवर उभा राहिला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. ज्यांच्या कितीक पिढ्या दर्यावर गेल्या, ज्यांचे पूर्वज कोळी-भंडाऱ्यांच्या जोडीने शिवाजी महाराजांच्या आरमारात होते, त्या घरातला हा मुलगा समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर लोखंड कातत होता. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण पावसाळी हवेत दुपारी वारा फिरला की ते अंगणात येऊन नुसते उभे राहायचे आणि म्हणायचे, "खारो वारो नाय ह्यो."

पाहुणे आले की आम्ही त्यांना भेडाघाटला न्यायचो. आधी धुवांधार, मग चौसष्ट योगिनींचं देऊळ, मग पंचवटी घाटावरून नाव. पांढऱ्या संगमरवरी कड्यांमधून नाव सरकायला लागली की नावाडी यमकं जुळवत त्या खडकांची वर्णनं सांगायला लागायचा. पाहुणे वर कड्यांकडे बघायचे आणि बाबा वल्ह्याकडे. एकदा त्यांना राहवलं नाही. त्यांनी नावाड्याकडे वल्हं मागितलं. तो कचरत होता, पण दिलं. बाबांनी पाचसहा हात असे मारले की नाव कड्याच्या सावलीतून सरळ उन्हात आली. नावाड्याने विचारलं, "बाबूजी, कहाँ के हो?" बाबा म्हणाले, "समंदर के." मी सात-आठ वर्षांची असेन. माझे बाबा जबलपूरचे नाहीत, हे मला त्या नावेत कळलं.

मग १९७५ च्या मे महिन्यात आम्ही मालवणला निघालो. मी नऊ वर्षांची होते. आईने पितळेच्या गडूत नर्मदेचं पाणी भरून घेतलं, वर लाखेने बंद केलं आणि तो गडू अख्ख्या प्रवासात मांडीवर ठेवला. गाडी सुटली की बाबांची एक गोष्ट ठरलेली असायची. कलकत्त्याकडून आलेले रूळ आणि मुंबईकडून आलेले रूळ १८७० साली या जबलपुरातच जोडले गेले. ते सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान असायचा. मला आता वाटतं, आपल्या गावाला जोडणारा धागा याच शहरातून जातो याचं त्यांना समाधान होतं.

मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून बोट. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं त्या पिढीच्या कोकणी माणसासमोर नुसती उच्चारली तरी तो पाच मिनिटं गप्प होतो. डेकवर चटया अंथरलेल्या, ट्रंकांच्या भिंती करून प्रत्येक कुटुंबाने आपली खोली आखलेली, आणि कोणाच्या तरी पिशवीतून बाहेर डोकावणारा कोंबडा. मला बोट लागली. आईने लिंबू हुंगायला दिलं, बाबांनी मात्र उचलून कठड्याशी नेलं आणि म्हणाले, "खाली बघू नकोस. लांब बघ, जिथे पाणी संपतंय तिथे." पाणी कुठेच संपत नव्हतं. नर्मदेला पलीकडचा काठ असतो, याला नव्हता. पोटातलं ढवळणं कधी थांबलं ते मला समजलंच नाही.

मालवण आलं तेव्हा पहाटेचा अंधार होता. बोट बंदरापासून लांब उभी राहिली, खाली पडाव येऊन लागले, कंदील हलले आणि अंधारातून दोन हात वर आले. "इलंस गो बाय? ये, माका धर." ते माझे काका. त्यांना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. बंदरात त्यांनी स्वतःची होडी आणली होती, तिच्यातून आम्ही आमच्या गावी, देवबागला निघालो. शीड भरलं, पूर्वेकडे फटफटायला लागलं आणि उजव्या हाताला पाण्यातून सिंधुदुर्ग वर आला. १६६४ साली कुरटे बेटावर पाया घातला आणि तीन वर्षांत उभा केला, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण तटाच्या पायाशी फुटणारी लाट आणि तिच्यावर निवांत बसलेले पक्षी पुस्तकात नव्हते. बाबांनी चप्पल काढून किल्ल्याला हात जोडले, काकांनीही जोडले. मग काकांनी काही न बोलता सुकाणू बाबांच्या हातात दिलं.

देवबाग म्हणजे तेव्हा जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. मधे माड, माडांत चिऱ्याची कौलारू घरं, घरापुढे सारवलेलं खळं आणि खळ्यात वाळत घातलेली मासळी. वीज नव्हती, रात्री उंबऱ्यावर कंदील. दोन्ही बाजूंनी पाण्याचा आवाज येई, एकीकडून मोठा, एकीकडून बारीक. मला पहिल्या रात्री झोप लागली नाही. आजी म्हणाली, "थंय दर्यो नाय, मगे तुमी रवतास कशी?" मी म्हटलं, आमच्याकडे नर्मदा आहे. आईने तो गडू पुढे केला. आजीने दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मग बाबांना विचारलं, ही बाय शेवटी खंय जाता? बाबा म्हणाले, अमरकंटकाहून निघते आणि भडोचजवळ आपल्याच दर्यात मिळते. आजीने समुद्राकडे बोट केलं. "मगे ही हयच येता!" ती इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी शेजारपाजारच्या चार घरांत हे सांगून आली. नर्मदा आणि देवबाग एकमेकींच्या नात्यातल्या निघाल्या होत्या.

आणि मग रापण.

ज्याला रापण माहीत नाही त्या वाचकासाठी सांगते. पहाटे होडीतून जाळं घेऊन निघायचं. दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हाती, होडी समुद्रात अर्धवर्तुळ काढत जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागते. आता दोन टोकांना माणसांच्या दोन रांगा. ओढायचं, मागे सरायचं, शेवटच्याने दोर सोडून पळत पुढे यायचं आणि पाण्याजवळ पुन्हा धरायचा. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींच्या जवळ सरकत येतात. यात बराच वेळ जातो. बाप्ये, बायका, पोरं, वाटेने जाणारा कोणीही दोराला हात लावू शकतो.

काकांनी मला रांगेत दोघांच्या मधे उभं केलं. "दोर सोडू नको गो. पाय रेवेत रोव नि फाटी सर." काथ्याचा ओला, माझ्या मनगटाएवढा जाड दोर. पहिल्यांदा धरला तेव्हा तो माझ्या हातात जिवंत वाटला. मी ओढत नव्हते, पलीकडून समुद्रच मला ओढत होता. टाचा वाळूत रुतायच्या, लाट येऊन त्यांच्याखालची वाळू काढून न्यायची, पुन्हा रोवायच्या. कोणीतरी आरोळी द्यायचं, सगळे मिळून उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तराच्या जोरावर दोर दोन हात मागे यायचा. हळूहळू मला तो ताल सापडला. तळहात जळत होते. मी बघितलं तर समोरच्या रांगेत बाबा होते. लुंगी खोचलेली, गंजी भिजलेली. कारखान्यात खाली मान घालून काम करणारे माझे बाबा मान वर करून आरोळीला उत्तर देत होते.

शेवटच्या पंचवीस हातांत सगळं बदललं. वर घारी फिरायला लागल्या, बायका टोपल्या घेऊन पुढे सरल्या, आणि जाळ्यामधलं पाणी उकळायला लागल्यासारखं झालं. मग जाळं वाळूवर आलं. तारल्या, पेडवे, बांगडे, मधेच एखादा खेकडा, सुंगटं, एक चपटा लेपा. उगवत्या उन्हात ते सगळं रुपं असं लखलखत होतं की डोळे मिटावे लागले. भेडाघाटच्या चांदण्यातले कडे मी पाहिले होते. पण ते स्थिर असतात, हे उड्या मारत होतं.

वाटणी वाळूतच झाली. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, रापणकरांचे वाटे असे ढीग घातले गेले. मी लांब उभी राहून तळहातांवर फुंकर घालत होते. एका म्हाताऱ्या रापणकराने दोन ओंजळी भरून मासे माझ्या फ्रॉकच्या ओट्यात टाकले. "हो तुझो वाटो." मी घाबरून बाबांकडे बघितलं. आमच्याकडे फुकट काही घ्यायचं नाही अशी शिस्त होती. म्हातारा म्हणाला, "वडलंस मां? मगे? दोर वडता तेका वाटो." आजीने त्याच माशांचं तिरफळं घालून तिखलं केलं आणि माझ्या हातांना खोबरेल चोळलं. माझी ती पहिली कमाई. पुढे मी जबलपूरला शाळेत शिकवायला लागले, पस्तीस वर्षं पगार घेतला, पण त्या ओट्यातल्या वजनासारखं काही पुन्हा हातात आलं नाही.

त्यानंतर आम्ही आणखी चार वेळा गेलो. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बोट बंद झाली. आजी गेली. १९९७ साली सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. बाबा त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते. जबलपूरहून थेट कोकणात जाणारी गाडी ही कल्पनाच त्यांना सुखाची वाटली असती. आता ती आहे. जबलपूरहून कोइमतूरला आठवड्यातून एकदा जाणारी ती गाडी कोकण रेल्वेवरून जाते.

गेल्या दिवाळीत त्या गाडीने मी एकटी निघाले. चुलतभावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला होता, "चावदिसाक येवचाच हां." पहाटे कुडाळला उतरले, रिक्षा केली. तारकर्लीच्या अलीकडेच पाट्या सुरू झाल्या. स्कुबा, स्नॉर्केलिंग, पॅरासेलिंग, बनाना राइड, डॉल्फिन दर्शन. तारकर्लीत पर्यटन महामंडळाचं पर्यटक निवास आहे आणि डायव्हिंग शिकवणारी संस्थाही आहे. तिच्यात गावची पोरं शिकली आणि आता परगावच्या माणसांना हात धरून पाण्याखाली नेतात. देवबागच्या रस्त्यावर पुणे, कोल्हापूर, बेळगाव, मुंबईच्या गाड्या एकामागे एक. कर्लीच्या मुखाशी वाळूचं जे बेट आहे त्याला लोक त्सुनामी आयलंड म्हणतात, तिथे जायला होड्यांची रांग. किनाऱ्यावर दगडांचे बंधारे, कारण समुद्र देवबागची जमीन खातो आहे. माझ्या आठवणीतला वाळूचा उतार काही ठिकाणी आता पाण्याखाली आहे.

मी मन घट्ट करून गेले होते. अशा गावांचं काय होतं ते मी वाचलं होतं. बाहेरचा पैसेवाला येतो, जमीन घेतो, कुंपण घालतो, आणि ज्यांचा किनारा ते त्याच किनाऱ्यावर गणवेश घालून पाहुण्यांच्या बॅगा उचलतात. देवबागात घराशी रिक्षा थांबली. फाटकावर आजीच्या नावाची पाटी होती. निवास आणि न्याहारी. चिऱ्याचं जुनं घर तसंच, मागच्या बाजूला नव्या सहा खोल्या, खळ्यात मासळीच्या जागी टेबलं. दादा गल्ल्यावर, वहिनी चुलीशी, पुतण्या पाहुण्यांना संगमावर होडीतून नेणारा. आजूबाजूच्या घरांतही हेच चित्र होतं. ज्यांनी रापण ओढली त्यांच्याच मुलानातवंडांनी खोल्या बांधल्या, त्यांच्याच सुनांच्या हातची सोलकढी पाहुणे पितात. माझ्या छातीवरचं ओझं तिथेच उतरलं.

चावदिसाची, म्हणजे नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नान, तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फोडलेलं कडू कारीट, 'गोविंदा गोविंदा' आणि मग फॉव. गुळखोबऱ्याचे, दुधातले, दह्यातले, फोडणीचे, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. वहिनीने सगळ्या पाहुण्यांना खळ्यात बसवून केळीच्या पानावर वाढलं, त्याचे पैसे बिलात धरले नाहीत. "चावदिसाचे फॉव इकतत काय?" ती म्हणाली. मी तिला आमच्या जबलपूरच्या पोहे-जिलबीबद्दल सांगितलं. सकाळच्या पोह्यांवर उभी असलेली दोन गावं मला मिळाली, याचं तिलाही अप्रूप वाटलं.

दुपारी मी तिच्याजवळ स्वयंपाकघरात बसले. थाळ्या लावता लावता ती म्हणाली, "सगळ्यांका सुरमयच होई. तारल्यो कोण इचारता?" सुरमई, पापलेट, कोळंबी, या तीन नावांपलीकडे पाहुणे जात नाहीत. तारली, पेडवे, लेपे, ज्यांच्यावर हे गाव वाढलं ते मासे आता फक्त घरच्यांच्या ताटात. आणि सुरमई रापणीत मिळते तरी किती? ती येते मोठ्या होड्यांतून, मच्छीच्या बाजारातून. यावर दादा बराच वेळ बोलला. मोठी यांत्रिक जाळी मासळी किनाऱ्याजवळ येऊच देत नाहीत. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध या किनाऱ्याने वर्षानुवर्षं आंदोलनं केली, २०१६ मध्ये राज्य सरकारने निर्बंध आणले, २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने बंदी घातली. "कागदार बंदी आसा," दादा म्हणाला. रात्री समुद्रात दिवे दिसतात, ते त्याने मला बंधाऱ्यावर नेऊन दाखवले. लांब क्षितिजावर एक पांढरी रांग. शहराचे दिवे वाटावेत असे. मला तेव्हा जाणवलं की पर्यटनाने या गावाचं तितकं नुकसान केलं नाही जितकं त्या दिव्यांनी केलं. खोल्या आल्या म्हणून रापण मागे पडली असं नाही. मासळी आटली तेव्हा खोल्यांनी ही घरं सावरली.

निघायच्या आदल्या पहाटे दादाने दार वाजवलं. "रापण लागली हा. येतंस?" आम्ही बॅटरी घेऊन किनाऱ्याने चालत गेलो. वीस-बावीस माणसं होती, बहुतेक पन्नाशीपुढची. दोर आता नायलॉनचा, बारीक आणि कडक. पण आरोळी तीच होती. खोल्यांमधून उठून आलेले काही पाहुणे मोबाइल धरून उभे होते. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि रांगेत शिरले. नऊ वर्षांच्या आणि आताच्या माझ्या हातांमध्ये पन्नास वर्षं आहेत, पण टाच वाळूत कशी रोवायची ते पायांना आठवत होतं. लाटेने टाचेखालची वाळू ओढून नेली आणि मला बाबांची भिजलेली गंजी दिसली. कोल्हापूरकडची एक लहान मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला हाक मारून माझ्यापुढे उभं केलं. तिच्या आईने आधी नको म्हटलं, मग फोन पर्समध्ये टाकून तीही आली, आणि मग तिचे वडील आले.

फार काही लागलं नाही त्या दिवशी. दोन टोपल्या तारल्या, थोडे पेडवे. वाळूत ढीग घातले गेले. एका रापणकराने त्या मुलीच्या टोपीत मूठभर मासे टाकले, आणि ती आईकडे बघायला लागली. तो काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. तेच म्हणाला.

माझ्या वाट्याला अकरा तारल्या आल्या. त्यातल्या पाच वहिनीने तिखलं करून खाऊ घातल्या, सहा मीठ लावून वाळवून डब्यात भरून दिल्या. त्या सहा आता जबलपूरला माझ्या स्वयंपाकघरात आहेत, त्याच चिनी मातीच्या बरणीत. जाताना मीही नर्मदेच्या पाण्याचा एक गडू नेला होता. तो देवबागच्या देव्हाऱ्यात आजीच्या गडूशेजारी ठेवला आहे.

तुम्ही या सुट्टीत तारकर्ली-देवबागला जाल. जरूर जा, गावकऱ्यांच्या घरात उतरा, आणि ताटात सुरमई नसली तर तारली मागून घ्या. पहाटे किनाऱ्यावर आरोळी ऐकू आली, तर फोन खोलीवर ठेवून खाली या आणि दोराला हात लावा. जो ओढतो त्याला वाटा मिळतो, अजूनही.